आवाज येण्याआधी

बिट्टीने फरशीवर गुडघे टेकले आणि सीपीयूच्या पत्र्याला कान लावला.

"दाब बटण," ती म्हणाली.

आईने दाबलं. पंखा घरघरला. एकदा 'पीं' वाजलं. मग आतली डिस्क फिरू लागली, तिची शीळ बारीक होत वर चढली, आणि कुणी घाईघाईने कपाट उचकावं तशी खरखर सुरू झाली. बिट्टीने श्वास रोखला. खरखर मध्येच थांबली. क्षणभर सगळं गप्प. आणि पुन्हा पहिल्यापासून 'पीं'.

"आला होता का निळा पडदा?"

"आला आणि गेलासुद्धा," आई म्हणाली. "डोळ्याचं पातं लवायच्या आत जातो मेला. वाचायचं कधी माणसाने?"

बिट्टी उठली आणि खुर्चीवर बसली. "डिस्क गेलेली नाही. गेलेली डिस्क अशी उचकत नाही. कॉम्प्युटरला काहीतरी हवंय आणि ते सापडत नाहीये, एवढंच."

"काल तो कॉम्प्युटरवाला म्हणाला ना, ड्रायव्हरचा घोळ आहे, सगळं पुसून नव्याने टाकावं लागेल."

"पुसून टाकणं त्याला सोपं पडतं. मला नाही पडत."

बिट्टीला जन्मापासून दिसत नव्हतं. डॉक्टर लोक पेशंट तपासून झाले की फोनवर घाईघाईने बोलून ठेवत, ते बोलणं तिच्याकडे येई, आणि ती ते टाइप करून धडाधड परत पाठवी. कॉम्प्युटर तिला प्रत्येक अक्षर बोलून दाखवायचा. त्यातला पुरुषी आवाज तिने इतक्या वेगावर ठेवला होता की दुसऱ्या कुणाला त्यातलं ओ की ठो कळत नसे. आई त्याला 'बडबड्या' म्हणायची. गेली कित्येक वर्षं बिट्टीने त्या यंत्रात स्वतःचा एक शब्दसाठा जमवला होता. तीन अक्षरं मारली की डॉक्टरांचं अख्खं वाक्य उमटायचं. ते सगळं पुसायला ती कॉम्प्युटरवाल्याला हातसुद्धा लावू देणार नव्हती. तो बिचारा पैसेही न घेता निघून गेला.

पण खरी अडचण वेगळीच होती. बडबड्या बोलू लागायचा तो सगळं सुरू होऊन स्थिरस्थावर झाल्यावर. त्याच्या आधी, बटण दाबल्यापासून तो जागा होईपर्यंत, यंत्र मुकं असायचं. आणि बिघाड नेमका त्या मुक्या वेळात झाला होता.

अशा वेळी बिट्टीला तिच्यासोबत राहणारी मैत्रीण लागायची. दोघी मिळून हे घर चालवत होत्या. मैत्रिणीची बदली झाली, ती सामान आवरून लांबच्या शहरात गेली, आणि दुसऱ्याच दिवशी दादाचा फोन आला. आमच्याकडे ये, एक खोली रिकामीच आहे, तुला काही कमी पडणार नाही. एकटीने कसं निभणार? दादा वाईट नव्हता. प्रेमळ होता, आणि प्रेमळ माणसाशी भांडताना नाकी नऊ येतात. भांडणात बिट्टी तोंडाने बोलून गेली होती: "अडले तर येईन. अडले नाही तर पुन्हा विषय काढायचा नाही."

दादाने ते शब्द जपून ठेवले. सोबतीला म्हणून आईला पाठवून दिलं. आणि परवा यंत्र अडलं. काल आईने साधेपणाने फोनवर ते सांगितलं. दादा म्हणाला, उद्या दुपारी टेम्पो घेऊन येतो.

तो उद्या म्हणजे आज होता.

"फोनने वाचून घेता येत नाही का?" आईने विचारलं. "डब्यावरचं, औषधावरचं वाचतेस तसं?"

"फोटो निघायच्या आत पडदा जातो ना. सकाळपासून तेच करतेय." बिट्टीने कीबोर्ड पुढे ओढला. "थांब. त्याला जायलाच द्यायचं नाही. मी आता हे बटण दाबत राहते. काळी पाटी आणि पांढऱ्या ओळी आल्या की सांग."

यंत्र पुन्हा सुरू झालं. बिट्टी वरच्या रांगेतलं एक बटण टकटक दाबत राहिली.

"आल्या गं! बऱ्याच ओळी आहेत."

"आपोआप परत सुरू होणं बंद करा, अशा अर्थाची एक असेल. वाच सगळ्या."

आई शाळेत इंग्रजी शिकली होती, पण त्यालाही आता जमाना झाला होता. ती एकेक अक्षर दातांखाली घालून फोडत वाचू लागली. बिट्टीला हसू येत होतं आणि जीवही वरखाली होत होता. चौथ्या की पाचव्या ओळीला ती ओरडली, "हीच!" आई दचकली. बिट्टीने एंटर मारलं.

खरखर झाली, थांबली. या वेळी 'पीं' मात्र वाजलं नाही.

"निळं थांबलं!" आई म्हणाली. चोर पकडल्यासारखा आवाज लागला होता तिचा. "आता पळून दाखव म्हणावं."

"खाली एक आकडा असेल. वाच."

"शून्य, मग फुली... फुली कशाला गं आकड्यात?"

"असू दे. पुढे?"

"शून्य, शून्य, शून्य... अगं, याला शून्याशिवाय काही येत नाही का? थांब. सात. आणि बी."

बिट्टीने तो आकडा फोनला सांगितला. फोन तिला तिच्याच वेगात काय काय वाचून दाखवू लागला. आई तोंडाकडे बघत बसली. वाचून झालं तेव्हा बिट्टीच्या कपाळावरची आठी गेली होती.

"ऐक. डिस्क ठणठणीत आहे. पण यंत्र आणि डिस्क यांच्या मध्ये बोलणं पोचवणारा एक कंट्रोलर असतो. त्याची बोलायची पद्धत कुणीतरी बदललीय. विंडोजकडे जुन्या पद्धतीचाच ड्रायव्हर आहे, म्हणजे त्याच्याशी बोलणारा प्रोग्राम; तो बिचारा जुन्या दारावर थाप मारतोय, आणि डिस्क घरात असून सापडत नाहीये."

"बदलली कुणी? आपल्या दोघींशिवाय घरात आहे कोण?"

"तेच बघायचंय. आता याच्याही आधीचं एक पान असतं. यंत्राचं स्वतःचं. तिथे जाऊ."

त्या पानावर पोहोचायला दोनदा चुकलं, तिसऱ्यांदा जमलं. आईने खुर्ची पुढे ओढली, चष्मा पदराने पुसला आणि वरपासून सुरुवात केली. पहिलीच गोष्ट तारीख निघाली.

"हे काहीतरीच," आई म्हणाली. "एक जानेवारी दाखवतोय. आणि साल तर कधीचं! तुझे बाबा होते तेव्हाचं."

बिट्टी ताठ बसली.

"आई, आपण परवा डोळ्यांच्या दवाखान्यात गेलो, तुझ्या मोतीबिंदूचं दाखवायला. निघताना तू काय केलंस?"

"काय करणार? गॅस बंद केला, नळ बघितले, कुलूप लावलं."

"आणि?"

"आणि मेन स्विच काढला."

बिट्टीने दोन्ही हात डोक्याला लावले. घर सोडताना मेन स्विच काढायचा, हा आईचा नियम होता. बिट्टी लहान असताना शेजारच्या घरात इस्त्री चालू राहून आग लागली होती, तेव्हापासूनचा. लग्नाला जायचं असो की कोपऱ्यावर दूध आणायला, आई निघाली की घर मृत व्हायचं. त्यापायी फ्रिजमधलं किती नासलं याला गणती नव्हती. आणि बिट्टी वेगळी राहायला लागल्यापासून तिने एकदाही मेन स्विचला हात लावला नव्हता, हट्टाने. या भागात वीजही सहसा जात नसे, त्यामुळे यंत्राला ती सतत मिळत राहिली, आणि आतला नाण्याएवढा सेल कधीच मेला असूनही कुणाला पत्ता लागला नाही.

"त्या सेलच्या जिवावर यंत्र स्वतःच्या खुणा लक्षात ठेवतं," ती म्हणाली. "वीज गेली, सेल मेलेला, सगळं विसरलं. तारीख विसरलं, कंट्रोलरची पद्धत विसरलं. कारखान्यातून आलं तेव्हा जसं होतं तसं होऊन बसलं. तू मला विचारायचंस तरी! मला घरातून उठवायला निघालीस आणि यंत्रसुद्धा तूच बंद पाडलंस!"

बोलून गेल्यावर तिलाच ते फार वाटलं. पण आई रडणाऱ्यांपैकी नव्हती.

"काढला मेन स्विच," ती म्हणाली. "आणि पुढेही काढणार. घर जळण्यापेक्षा यंत्र विसरलेलं बरं. आता ते भांडण नंतर. पद्धत कुठे बदलायची ते बोल."

बिट्टीला हे उत्तर मनापासून आवडलं, पण तसं तिने दाखवलं नाही. बाणाचं बटण दाबून दुसरं पान उघडायला सांगितलं.

"कितव्या ओळीत डिस्कबद्दल काही आहे?"

"पाचवी. वरून पाचवी. मधली एक जरा पुसट आहे, पण ही स्वच्छ दिसतेय. थांब, तू बाजूला हो, मीच दाबते. तुला सांगत बसण्यात वेळ जातोय."

बिट्टी बाजूला झाली. आईने एका बोटाने, इस्त्रीवर पाणी मारून बघावं तसं हात मागे घेत घेत बटणं दाबली. एक चौकोन उघडला, त्यात दोन नावं होती. वरचं निवडायचं होतं. निवडलं. साठवायचं बटण दाबलं, हो म्हटलं.

'पीं'. शीळ. खरखर. खरखर थांबायची ती जागा आली आणि मागे पडली. खरखर चालूच राहिली. बिट्टी उभ्या उभ्या खुर्चीची पाठ धरून होती. आणि मग बडबड्याने तोंड उघडलं, आणि दोन दिवसांचं साचलेलं एका दमात बोलून टाकलं.

"बोलला!" आई म्हणाली. तिने बिट्टीच्या पाठीवर एक जोरदार थाप मारली. "बोलला गं मेला!"

बिट्टी आधी कामाला लागली. डॉक्टरांची अडकलेली कागदपत्रं पाठवली, शब्दसाठ्याची नक्कल पेनड्राइव्हवर घेतली, ती दोनदा तपासली. आईने तोवर चहा ठेवला. कप टेबलावर ठेवताना ती सहज, अगदी मायेने म्हणाली:

"बघ. मी होते म्हणून झालं."

बिट्टीने कप उचलला नाही. आईचं खरं होतं, हेच तिला झोंबलं. आई होती म्हणून झालं. आधी मैत्रीण होती म्हणून होत होतं. दादा येईल आणि हेच म्हणेल, आणि त्यालाही काही चुकीचं म्हणता येणार नाही. यंत्र चालू झालं होतं, पण ती अडली होती ती अडलीच होती.

ती उठली. भिंतीला हात लावत दारापाशी गेली, वरचा डबा उघडला आणि मेन स्विच खाली ओढला.

पंखा मंदावत थांबला. फ्रिज एकदा कण्हला. बडबड्या वाक्याच्या मध्येच गप्प झाला.

"अगं, वेड लागलं का तुला!" आई स्वयंपाकघरातून धावत आली. "आत्ता तर झालं होतं सगळं!"

"तू केलंस. मी नाही."

"मग त्यात काय? माझ्या हातांनी काय, तुझ्या हातांनी काय! सेल बदलला की संपलं. दादाला सांगते, येताना घेऊन ये."

"सेल उद्या घालू. उद्या दुसरं काही बिघडेल, आणि ते बडबड्या जागा व्हायच्या आधीच बिघडेल. मला आवाज येण्याआधीचं जमलं पाहिजे." बिट्टीने स्विच वर केला. "आता मी करणार. तू बोलायचं नाहीस. 'हो' नाही, 'नाही' नाही, खाकरायचंसुद्धा नाही."

"मला दिसत असताना मी गप्प बसू?"

"हो."

आई पलंगाच्या कडेला बसली आणि पदराचा बोळा मुठीत धरला. आयुष्यभर हिला ती सांगत आली होती. पुढे पायरी आहे, डावीकडे कोपरा आहे, ताटात भाजी उजव्या हाताला आहे. आपण सांगितलं नाही तर पोर आपटेल, या धाकात तिची बत्तीस वर्षं गेली होती.

बिट्टीने बटण दाबलं आणि 'पीं' वाजताच पानात शिरली. निदान शिरली असावी. पडद्याने काही सांगितलं नाही. बाण दाबून दुसरं पान. पाचवी ओळ म्हणजे पहिल्या ओळीपासून चार खाली. तिने चार वेळा खाली दाबलं. एंटर, वर, एंटर. मागून आईचा श्वास अडकल्याचं तिला ऐकू आलं.

"काही सांगू नकोस!"

"कुठे सांगतेय," आई पदरातून म्हणाली.

साठवलं. खरखर झाली, थांबली, आणि पुन्हा 'पीं'.

नाही. बिट्टी खुर्चीत मागे टेकली. आपण नक्की काय बदललं, कोण जाणे. डिस्कऐवजी दुसऱ्याच कशाला धक्का लागला असेल. एकदा चुकलं की पुढची प्रत्येक चूक आधीच्या चुकीवर चढणार, आणि ते काढायला पुन्हा कुणाचे तरी डोळे लागणार. क्षणभर तिला वाटलं, आईला म्हणावं, बघ बाई काय झालंय ते. अगदी ओठांवर आलं.

मग ती एकाएकी हसली.

"आई, मेन स्विच काढ."

"परत?"

"सेल मेलाय ना? वीज काढली की यंत्र सगळं विसरतं. माझी चूकसुद्धा विसरतं. मला हव्या तितक्या वेळा चुकता येईल."

आईने जाऊन स्विच ओढला. हे काम तरी तिच्या आवडीचं होतं. घर पुन्हा निपचित झालं, आणि त्या शांततेत जिन्यावर बुटांचा आवाज आला. दार उघडंच होतं. दादा आत आला. काखेत घडी केलेली खोकी, हातात चिकटपट्टी.

"वीज गेली का?" त्याने विचारलं.

"मी काढलीय," आई म्हणाली. ती डब्यापाशीच उभी होती, स्विचवर हात ठेवून. "तू बस. आणि गप्प बस."

दादा बसला नाही. खोकी भिंतीला टेकवली आणि बहिणीकडे आला. "बिट्टे, अजून त्याच्याच मागे आहेस? अगं, जाऊ दे ते. घरी आपण नवा घेऊ. मी बसवून देतो सगळं, तुला बघायलाच नको कशाकडे."

"मी कुठे कशाकडे बघते दादा?" बिट्टी म्हणाली.

दादा ओशाळला.

बिट्टीचं लक्ष मात्र दुसरीकडेच होतं. ती बोटांनी टेबलावर ओळी मांडत होती. चार वेळा खाली. एंटर मारल्यावर काहीतरी उघडलं नक्की, पण ते भलतंच होतं. आईने पाच ओळी मोजल्या आणि आई मोजण्यात चुकत नाही. दिसतील तेवढ्या मोजते. सगळ्याच मोजते.

"पुसट," ती म्हणाली. "आई, मधली एक ओळ पुसट आहे म्हणाली होतीस."

आईने ओठ घट्ट मिटून घेतले.

"तिला हात लावायला बंदी असणार, म्हणून ती पुसट. बाण तिच्यावर थांबतच नाही, वरून उडी मारतो. तू डोळ्यांनी मोजलीस, म्हणून पाच. बोटाला चारच लागतात. बरोबर ना?"

"मी काही बोलणार नाही," आई म्हणाली. "तूच सांगितलंयस."

"काय बरोबर? कसली ओळ?" दादाने विचारलं.

"स्विच घाल, आई."

दिवे आले, पंखा फिरू लागला. बिट्टीने बटण दाबलं. पडदा उजळला तसा दादा तिच्या खांद्यावरून वाकला. "अगं, हे तर... थांब, मी वाचतो. पहिल्यांदा इथे..."

"एक अक्षर बोललास तर याद राख," आई म्हणाली.

दादाने मागे वळून पाहिलं. लहानपणी बहिणीचा हात सुटला म्हणून आई त्याच्यावर भर रस्त्यात ओरडली होती. तोच आवाज होता, फक्त उलट्या कारणासाठी. "मदत करतोय मी तिला," तो म्हणाला.

"माहितीये. मलाही करायचीय. माझी जीभ मघापासून वळवळतेय." आई पुढे झाली, मॉनिटरची कड चाचपत खालचं बटण शोधलं आणि दाबलं. पडदा काळा झाला. "आता झालं. आता तुलाही दिसत नाही आणि मलाही नाही. ती करेल."

बिट्टीने बाण दाबला. खाली, खाली, खाली. एंटर. वर. एंटर. साठवायचं बटण, आणि शेवटचं हो.

'पीं'.

तिघंही यंत्राकडे तोंड करून होती, आणि तिघांनाही सारखंच काही दिसत नव्हतं. शीळ वर चढली. खरखर सुरू झाली. दादाने आईकडे प्रश्नार्थक बघितलं. आईने त्याचं मनगट धरून ठेवलं. खरखर थांबायची ती जागा फक्त बिट्टीला माहीत होती. ती जागा आली तेव्हा तिने डोळे मिटून घेतले, जसे सगळेच मिटतात.

खरखर पुढे गेली.

ती बरीच लांबली. दादाला वाटलं काहीतरी बिघडलं. आईला वाटलं आपण उगाच पडदा बंद केला. आणि मग बडबड्या बोलू लागला. कुणालाही न कळेल अशा वेगात, भडाभडा.

"काय म्हणतोय तो?" दादाने हळूच विचारलं.

"चुकीची तारीख सांगतोय," बिट्टी म्हणाली. तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचं तिला सुचत नव्हतं. "मी नीट करते. अडले नाही, दादा."

दादाने चष्मा काढला, परत घातला. "हे झालं खरं. पण उद्या जिन्यात पडलीस, आजारी पडलीस, तर? आई किती दिवस इथे राहणार?"

"मी कुठे राहतेय?" आई म्हणाली. "टेम्पो आणलायस ना? मग एक खोकं उघड."

"आई," बिट्टी म्हणाली. एवढं तिलाही अपेक्षित नव्हतं. "तू राहा की आठवडाभर. मी तुला जा कुठे म्हणाले?"

"नाही बाई. मी इथे राहिले तर मला दिसत राहणार, आणि मी बोलत राहणार. माझ्याच्याने काही गप्प बसवत नाही. आज जमलं ते शेवटचं." ती दादाकडे वळली. "बघतोस काय? माझे कपडे कपाटात आहेत, ते काढ."

"आणि बिट्टीचं सामान?"

"तिचं सामान तिच्या घरात आहे."

दादा कपाट उघडून उभा राहिला. कुठलं आईचं आणि कुठलं बहिणीचं, त्याला काही कळेना; वरचा खण झाला, मधला झाला, सापडेना. शेवटी बिट्टीनेच त्याला बाजूला केलं आणि आईचे कपडे एकेक चाचपून खोक्यात भरायला घेतले.